इस्लामी हस्तलिखितांची बांधणी: काय शिकावे, कशाला हात लावू नये

पुण्यात आधुनिक पद्धतीची पुस्तकबांधणी शिकून झाल्यावर आता अरबी-फारसी हस्तलिखितांची पारंपरिक बांधणी आणि तिचे जतन शिकण्याची आपली इच्छा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका हस्तलिखित कुराणाची पाठ उकलली आहे, ती आपल्याच हाताने दुरुस्त करावी का, असेही आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर मनापासून होकाराचे आहे. दुसऱ्याला ते तूर्त नकाराचे आहे, आणि त्याची कारणे या बांधणीच्या रचनेतच असल्यामुळे आधी रचनेविषयीच विस्ताराने लिहिते.

या बांधणीबद्दल एक चुकीची समजूत विसाव्या शतकातल्या बऱ्याच लेखनात आढळते. ती अशी की, इथे पानांचा गठ्ठा वेगळा शिवतात, कातडी कव्हर वेगळे तयार करतात आणि मग दोन्ही खळीने चिकटवून टाकतात, म्हणून ही बांधणी दिसायला सुंदर पण मुळात कमकुवत असते. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयातली हस्तलिखिते एकेक करून तपासून झालेला एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. बहुतेक बांधण्या पुस्तकावरच, टप्प्याटप्प्याने उभ्या केल्या जात. शिलाई, पाठीवरचे अस्तर, वरखालचा शिराजा (पाठीच्या टोकांवरची विणलेली पट्टी), पुठ्ठे आणि आतली लायनिंग ही सगळी अंगे एकमेकांना धरून ठेवतात. एकटी शिलाई पाहिली तर ती नाजूक वाटते. पूर्ण रचना पाहिली तर तीच पुस्तके तीनशे-चारशे वर्षे रोज हाताळली जाऊन टिकलेली दिसतात. आपल्याला आधुनिक बांधणी येते, म्हणून हे विशेष सांगते: तिथे अंगवळणी पडलेल्या बऱ्याच सवयी, म्हणजे पाठ ठोकून गोल करणे, सरस जाड लावणे, पाठीवर कडक कागदाची पोकळ नळी बसवणे, इथे पुस्तकाचे नुकसान करतात.

आता शिलाई. जुजबंदीत, म्हणजे जोडपानांचे गट करून शिवण्याच्या पद्धतीत, बहुधा चार किंवा पाच जोडपानांचा एक जुज असतो. हे जुज दोऱ्या किंवा फितींचा आधार न घेता थेट एकमेकांना साखळी टाक्याने जोडतात, आणि मध्यम आकाराच्या पुस्तकात टाक्याच्या जागा बहुतेक वेळा दोनच असतात. धागा बारीक असतो, पुष्कळदा रेशमी. धागा बारीक असल्यामुळे पाठ फुगत नाही, सपाट राहते, आणि ती सपाटच राहावी अशी सारी योजना असते. जुज शिवून झाले की पाठीवर सुती कापडाचे किंवा पातळ कातड्याचे अस्तर खळीने बसवतात. ते पाठीपेक्षा रुंद असते आणि त्याच्या दोन्ही बाजू पुढे पुठ्ठ्यांवर चिकटतात. पुठ्ठा आणि पाने यांचा खरा सांधा तिथे तयार होतो.

शिराजा, म्हणजे पाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला विणलेली रंगीत पट्टी, हे या बांधणीचे मला सर्वांत प्रिय अंग आहे, आणि नवशिके बाइंडर सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच करतात. बाजारात तयार मिळणारी कापडी पट्टी चिकटवून तो बनत नाही. कातड्याची अरुंद, पातळ पट्टी पाठीच्या टोकाशी ठेवतात. मग सुई पहिल्या जुजाच्या मधल्या घडीतून घालून अस्तरातून पाठीवर काढतात, धागा पट्टीवरून वळवून पुन्हा पुढच्या जुजाच्या मधल्या घडीत उतरवतात आणि असे करत शेवटच्या जुजापर्यंत जातात. एवढे झाले की पट्टीवर उभ्या धाग्यांचा एक ताणा तयार होतो. या ताण्यातून दोन रंगांचे रेशीम एकाआड एक, खालून-वरून ओवत ओळीने विणतात. पुढच्या ओळीत क्रम पालटला की तिरप्या रेषा एकमेकींना भेटून व्हीच्या आकाराची नक्षी उमटते. ताण थोडा सैल राहिला तर नक्षी फिसकटते आणि जास्त झाला तर जुजाच्या घडीचा कागद चिरतो. शिलाईला टाक्याच्या जागा दोनच असल्यामुळे जुजांची वरची आणि खालची टोके शिराजाच्या या ताण्यानेच बांधलेली राहतात. शिराजा कापला गेला की जुज मागेपुढे सरकू लागतात आणि मग शिलाईवर न पेलणारा भार येतो. रंगीत विणकाम गळून गेले तरी आतला ताणा शाबूत असेल तर तो जपावा, त्यावर नवी शोभेची पट्टी बसवण्याच्या मोहात पडू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

पुठ्ठा कागदावर कागद खळीने चिकटवून घरीच तयार करतात. तो पानांच्या बरोबरीने कापलेला असतो, आधुनिक पुस्तकासारखा कडांच्या बाहेर आलेला नसतो. त्यामुळे ही पुस्तके आडवी ठेवायची असतात, आणि जुन्या संग्रहांत पुस्तकाचे नाव पानांच्या खालच्या कडेवर लिहिलेले सापडते ते त्याचमुळे. आधुनिक ग्रंथालयांनी ती लोखंडी कपाटांत उभी केली, आणि पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने ओघळू लागला. वाकलेल्या पाठी आणि फाटलेले सांधे मी जितके पाहिले, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या उभ्या रचण्यात आहे.

डाव्या बाजूच्या, म्हणजे शेवटच्या पुठ्ठ्याला जोडलेली झडप ही या बांधणीची सर्वपरिचित खूण. आधी पुस्तकाच्या जाडीएवढी पट्टी, मग टोकदार पाचकोनी भाग. तो पुढच्या पुठ्ठ्याखाली सरकवतात. कुराणाच्या प्रतींत या पट्टीवर ‘पवित्र असलेल्यांखेरीज त्याला कोणी स्पर्श करत नाही’ या अर्थाची आयत, म्हणजे कुराणातले वचन, उठवलेली पुष्कळदा दिसते. मात्र भारतात बांधलेल्या बऱ्याच हस्तलिखितांना झडप मुळातच नसते. आपल्या घरच्या प्रतीला ती नसेल तर ती हरवली असे गृहीत धरून नवी बसवू नये. शेवटच्या पुठ्ठ्याच्या कडेला कातडे तुटल्याच्या खुणा आहेत की ते नीट आत वळवलेले आहे, हे आधी भिंगाखाली पाहावे. रोगणी बांधणीचा, म्हणजे पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यावर वॉर्निश चढवलेल्या बांधणीचा, इथे नुसता उल्लेख करते. तो चित्रजतनाच्या जवळचा विषय आहे आणि सुरुवातीला त्यात शिरू नये.

शिकण्याचा माझ्या मते एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे कोऱ्या कागदाची पूर्ण प्रतिकृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने बनवणे, आणि तीही पुन्हा पुन्हा. नुसता शिराजाचा किंवा नुसता कातडकामाचा सराव पुरत नाही, कारण एका टप्प्यावरची ढिलाई दोन टप्प्यांनंतर उघडी पडते. साहित्यही शक्य तितके मूळच्या जवळचे घ्यावे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आजही टिकून आहे; तिथला साधा, न रंगवलेला कागद घ्या, त्यावर स्टार्चचा पातळ आहार, म्हणजे लेप, चढवा, वाळू द्या आणि मग अकीकाच्या किंवा गुळगुळीत काचेच्या घोट्याने तो घोटा. जुन्या कातिबांचा, म्हणजे हस्तलिखिते लिहिणाऱ्यांचा, कागद असाच तयार होत असे. शाई अशा कागदात मुरत नाही, वर बसते. ही गोष्ट स्वतः कागद घोटल्याखेरीज नीट समजत नाही, आणि पुढे जतनाच्या कामात तिचेच सर्वाधिक भान ठेवावे लागते. शिलाईसाठी विणकरांकडचे रेशीम चालते, पण ते फार बारीक आणि कमी पिळाचे असेल तर दोन पदर एकत्र पिळून घ्यावे.

खळीबाबत आपल्या घरांतले ज्ञान उपयोगी पडते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात तो गव्हाचा स्टार्चच. जतनाच्या कामात त्यातले ग्लुटेन पूर्ण काढून टाकलेला शुद्ध गव्हाचा स्टार्च वापरतात, कारण ग्लुटेनमुळे खळ कडक आणि पिवळी होते. प्रतिकृतीसाठी घरचा चीक पुरतो, हस्तलिखितासाठी नाही. आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांमध्ये कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत होती. ती कटाक्षाने टाळावी, कारण मोरचुदातले तांबे कागदाच्या ऱ्हासाला वेग देते.

कातड्याच्या निवडीत घाई करू नये. बकऱ्याचे, वनस्पतीजन्य कमावणीचे, पातळ कातडे हवे. क्रोम कमावणीचे कातडे रापीखाली नीट तासले जात नाही आणि त्यावर ठसाही टिकत नाही. कमावणी कशाने केली आहे हेही विचारावे. 1905 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकबांधणीच्या कातड्यावर अहवाल दिला. त्यात सुमाक या झुडपाच्या पानांनी कमावलेले कातडे टिकाऊ ठरले आणि तरवडाच्या सालीने कमावून भारतातून जाणारे कातडे सर्वांत लवकर नासणाऱ्यांत गणले गेले. हिरड्यातील टॅनिन (कमावणीचे द्रव्य) सुमाकच्या गटातले आहे. तरवड, बाभळीची साल आणि वॅटल ही दुसऱ्या गटातली. दुसऱ्या गटाचे कातडे प्रदूषित हवेतली आम्ले शोषून घेते आणि काही दशकांनी लाल भुकटी होऊन बोटांना लागू लागते. कातडे तासण्याची कला आपल्याकडच्या चर्मकारांकडून शिकता येते. रापीला धार लावणे आणि ती कातड्याशी किती कलती धरायची हे त्यांच्याशेजारी बसून जितके लवकर येते तितके दुसरीकडे कुठे येत नाही. या बांधणीत मधल्या पदकाचा आणि कोपऱ्यांचा ठसा उठवण्यापूर्वी पुठ्ठ्याचा तेवढा भाग पुष्कळदा कोरून खोल करतात, त्यामुळे तिथे कातडे पातळ लागते.

हे सारे हाताला जमले म्हणजे जतन आले असे मात्र नव्हे. बांधणारा नवे घडवतो. जतन करणाऱ्याने आहे ते वाचायचे असते, नोंदवायचे असते आणि कमीत कमी बदलायचे असते. हस्तलिखित समोर आले की पहिले काम छायाचित्रे आणि नोंदी: किती जुज, प्रत्येकात किती पाने, टाके कुठे, धागा कोणत्या रंगाचा, अस्तर कशाचे, शिराजा मूळचा की नंतरचा. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. क्रम जुळतो का ते त्यावरून तपासतात. म्हणून अरबी लिपी निदान वाचता येईल इतकी शिकून घ्यावी. पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहिलेले आढळले तर ते कीटकांपासून रक्षण व्हावे म्हणून केलेले आवाहन असते. तोही पुस्तकाच्या इतिहासाचा भाग आहे, डाग समजून पुसायचा नाही.

त्यानंतर शाई आणि रंग. काजळीची शाई रासायनिक दृष्ट्या स्थिर असते, पण घोटलेल्या कागदावर ती वर बसलेली असल्याने ओल्या बोळ्याने सहज उतरते. लोहयुक्त शाईत धोका उलटा असतो: ओल मिळताच तिच्यातले लोह आजूबाजूला पसरते आणि ऱ्हास वाढतो. ती ओळखण्यासाठी बॅथोफेनँथ्रोलिनची कागदी पट्टी मिळते. सुटे लोह असेल तर ती गुलाबी होते. सर्वांत जास्त दुखणे मात्र मी जंगाराचे पाहिले आहे. मजकुराभोवतीच्या जदवलीत, म्हणजे रेषांच्या चौकटीत, सोनेरी, निळ्या, तांबड्या रेषांबरोबर जी हिरवी रेष असते ती तांब्यापासून केलेल्या जंगाराची असेल, तर तिच्याखालचा कागद आधी तपकिरी होतो, मग ठिसूळ होतो आणि शेवटी रेषेवरच चिरतो. एक कोपरा सुटला की पान उलटताना दुसरा सुटतो, आणि मजकुराचा सबंध चौकोन खिडकीच्या तावदानासारखा समासातून निखळतो. अशा ठिकाणी रेषेच्या पूर्ण लांबीवर खळ आणि कागद लावणे म्हणजे नवी ओल देणे. त्याऐवजी चौरस मीटरला साडेतीन ते पाच ग्रॅम वजनाच्या जपानी कोझो कागदावर आधीच चिकटद्रव्याचा थर देऊन तो वाळवतात, त्याच्या अगदी अरुंद पट्ट्या करतात, प्रत्येक पट्टी जेमतेम दमट करून अंतराअंतराने पुलासारखी ठेवतात आणि टिपकागदाखाली हलक्या वजनाने वाळू देतात. प्रत्येक पानाला वेळ लागतो, आणि तो दिला पाहिजे.

आपल्याकडच्या संग्रहांत हस्तलिखितांचे सर्वाधिक नुकसान जुन्या दुरुस्त्यांनी झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ कातडे फेकून रेक्झिनचे कव्हर चढवणे, जुज सुटे करून पानांना बाजूने आरपार टोचे मारणे, कडा समान दिसाव्यात म्हणून यंत्राने छाटणे आणि त्यात समासातल्या टिपा गमावणे, हे अनेक ठिकाणी पाहायला मिळते. बाजूने टोचलेले पुस्तक नीट उघडत नाही, वाचणारा ते दाबून उघडतो, आणि पान टाक्याशीच तुटते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाने सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्ममध्ये ॲसिटोनने बंद करण्याची किंवा दोन्ही बाजूंनी शिफॉन चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. त्या काळी लोकांनी ती सद्‌हेतूनेच केली आणि काही जर्जर पाने तिच्यामुळे वाचलीही. पण ती सोडवणे अवघड असते आणि रंगचित्रांच्या पानांवर तर फारच जोखमीचे. अशी पाने हाती आली तर ‘काढून टाकू’ हा विचार पहिला नसावा.

आता आपल्या घरच्या प्रतीविषयी. उकललेल्या पाठीला फेव्हिकॉल, चिकटपट्टी किंवा घरगुती खळ लावू नये. चामड्याला तेल, व्हॅसलीन, पॉलिश लावू नये. नासलेले कातडे त्याने काळे आणि चिकट होते. ते बोटांना भुकटीसारखे लागत असेल तर तज्ज्ञ प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या क्लुसेल जी या चिकटद्रव्याने ते स्थिर करतात, कारण अशा कातड्यावर पाणी थेट लागले तर ते कायमचे काळवंडते. त्यानंतर जुने कातडे कडेला किंचित उचलून त्याखाली रंग जुळवलेला जपानी कागद किंवा पातळ नवे कातडे सरकवतात आणि जुने पुन्हा त्यावर बसवतात. हे काम आपल्याला पुढे नक्की येईल, पण पहिला प्रयोग या प्रतीवर नको. तूर्त आम्लमुक्त कागद व धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, घट्ट बसेल अशा पुठ्ठ्याच्या पेटीत ती आडवी ठेवावी. गळून पडलेला कातड्याचा प्रत्येक तुकडा आणि धागा वेगळ्या पाकिटात जपावा. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशीची भीती असते, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. वाचायचीच असेल तर रेहालीवर, म्हणजे ग्रंथ ठेवण्याच्या घडीच्या घोडीवर, ठेवावी. रेहाल पुस्तकाला पूर्ण सपाट उघडू देत नाही, आणि या पाठीला तेच मानवते.

कुराणाच्या बाबतीत आणखी एक सांगणे आवश्यक आहे. ज्यांचा तो ग्रंथ आहे त्यांच्याशी आधी बोलावे: तो कुठे ठेवला जाईल, हात लावण्यापूर्वी काय पाळायचे, निघालेले तुकडे कुठे ठेवायचे. चिकटवण्यासाठी जिलेटिन वापरायचे असेल तर ते डुकरापासून केलेले नाही याची खात्री करावी. गाईचे किंवा माशाचे मिळते. ब्रशचे केस कोणत्या प्राण्याचे आहेत तेही पाहावे. मी या गोष्टी उपचाराच्या नोंदीत चिकटद्रव्याच्या प्रमाणाइतक्याच काळजीने लिहून ठेवते.

मूळ नमुने पाहायला फार लांब जावे लागत नाही. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी, रामपूरची रझा लायब्ररी आणि टोंकची अरबी-फारसी संशोधन संस्था इथे मोठे संग्रह आहेत. विजापूरच्या आसार महालातली आदिलशाही काळातील हस्तलिखिते एकोणिसाव्या शतकात लंडनला गेली आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डिजिटल प्रती पाहाव्यात, पण त्यांत पाठ आणि शिलाई क्वचितच दिसते, म्हणून ग्रंथपालांना आधी पत्र लिहून बांधणी पाहण्याचीच परवानगी मागावी. जतनाचे पायाभूत शिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रशिक्षण संस्थेत मिळते. लखनौची सांस्कृतिक संपदा संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे कलाजतन केंद्र यांच्याकडेही चौकशी करावी. अरबी किंवा फारसी मुंबई विद्यापीठात शिकता येते. बांधणीची जिवंत परंपरा पाहायची असेल तर इस्तंबूलमध्ये मिमार सिनान विद्यापीठात ती पारंपरिक कला म्हणून शिकवली जाते, आणि इटलीत मोंतेफियास्कोने येथे उन्हाळी अभ्यासवर्ग भरतात. यांपैकी कुठेही अर्ज करताना पदविकेच्या प्रमाणपत्राबरोबर आपण केलेल्या प्रतिकृती आणि त्यांच्या टप्प्यांची छायाचित्रे पाठवावीत. एखादी प्रतिकृती मुद्दाम अर्धवट ठेवावी, म्हणजे अस्तर, शिराजाचा ताणा आणि पुठ्ठ्याचा सांधा उघडा दिसेल. निवड करणारा अनुभवी माणूस सर्वांत आधी तीच उचलून पाहील.